आधी दार, मग पलंग, बेडूक शेवटी : ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटसाठी फेंगशुई

फेंगशुई, म्हणजे घराच्या मांडणीची चिनी पद्धत, करायची म्हटलं की आपल्याकडे आधी दुकान गाठलं जातं. तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक येतो, हसरा बुद्ध येतो, लाल दोऱ्यात ओवलेली नाणी येतात आणि टीव्हीच्या युनिटवर, बिघडलेल्या रिमोटच्या आणि औषधांच्या पट्ट्यांच्या शेजारी जाऊन बसतात. दार मात्र पूर्वीसारखंच अर्धं उघडतं, कारण त्यामागे हेल्मेट, दोन छत्र्या आणि इस्त्रीचं बोचकं लटकलेलं असतं. महिन्याभराने तक्रार सुरू होते की काही फरक पडला नाही. आधी कळस मग पाया केल्यावर फरक पडणार तरी कसा?

चूक वस्तूंची नसते, क्रमाची असते. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. पैसा येईल, लग्न जुळेल, बढती मिळेल असलं आश्वासन इथे मिळणार नाही. तसं काही सिद्ध झालेलं नाही. घरात पाऊल टाकल्यावर मोकळं वाटणं, झोप नीट लागणं, स्वयंपाक करताना पाठीमागून कोणी आलं की दचकायला न होणं, एवढं मात्र मांडणीने साधतं. घर भाड्याचं असलं तरी यातलं जवळजवळ सगळं करता येतं, कारण भिंतीला हात लावायची वेळ क्वचितच येते.

## तयारी

हाताशी ठेवा : चौकटीचा कागद, पेन्सिल, मोजपट्टी, मीटर टेप, जुन्या खोक्याचा पुठ्ठा, कात्री, होकायंत्र (मोबाइलमधलं चालेल), अगरबत्तीचा पुडा आणि तीन मोठ्या पिशव्या. खरेदी काहीही नाही. पहिले सात टप्पे पूर्ण होईपर्यंत फेंगशुईची एकही वस्तू विकत घ्यायची नाही, असं घरात आधीच जाहीर करून टाका.

शक्यतो पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते मे या काळात हात घाला. पावसाळ्यात माळा रिकामा केला तर गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवता येत नाही आणि ओल धरलेलं सामान तसंच परत वर जातं.

घरातल्या मोठ्यांशी आधी बोला. सासूबाईंचा देव्हारा ईशान्येला असेल तर तो तिथेच राहू द्या. फेंगशुईत देव्हाऱ्यासाठी आपल्यासारखा नियम नाही, त्यामुळे तो हलवायचं कारणही नाही. उगाच त्यावरून घर पेटवू नका.

## टप्पा १ : घराचा नकाशा कागदावर

फ्लॅटच्या खरेदी-करारनाम्याला बहुधा नकाशा जोडलेला असतो, तो काढा. नसेल तर स्वतः मोजा : एक चौकट म्हणजे एक फूट. दारं कोणत्या बाजूला उघडतात, खिडक्या कुठे आहेत, छताखालून बीम कुठून गेलाय, संडासाचा पाइप कोणत्या भिंतीतून उतरतो, हे सगळं दाखवा. बीम दाखवायचा राहून जातो आणि नंतर पलंग नेमका त्याखाली येतो.

बंद करून हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी घरात मोजा; उघडी असेल तर सोडून द्या. ड्राय बाल्कनीवरून वाद होतात. ती किचनचाच भाग म्हणून वापरत असाल तर धरा.

आता घराचा मध्य. आपले फ्लॅट सरळ चौकोनी क्वचितच असतात. कुठे डक्टने कोपरा खाल्लेला, कुठे जिन्याने. अशा आकारात कर्ण काढून मध्य सापडत नाही. घराची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर काढून कापून घ्या आणि तो तुकडा पेन्सिलीच्या टोकावर तोलून पाहा. जिथे तो आडवा स्थिर राहील तिथे खूण करा. तो तुमच्या घराचा मध्य. बहुतेक वन बीएचकेत तो पॅसेजमध्ये किंवा बाथरूमच्या दाराशी निघतो. घाबरू नका, पुढे त्याचं बघू.

एखादा कोपरा आत गेलेला असेल तर ती बाजू पूर्ण लांबीच्या निम्म्याहून कमी कापली गेली आहे का ते मोजा. कमी कापली असेल तर तो कोपरा 'नसलेला' समजतात. निम्म्याहून जास्त कापली असेल तर उरलेला तुकडाच बाहेर आलेला, म्हणजे 'जादा' समजतात.

## टप्पा २ : दिशा मोजणं

इथे सर्वात जास्त लोक चुकतात. एजंट 'ईस्ट फेसिंग' म्हणाला म्हणून पूर्व धरून बसतात.

१. मोबाइलच्या कव्हरला चुंबकाची क्लिप असेल तर कव्हर काढा. मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात काही वेळा फिरवा.

२. मुख्य दाराच्या आत, दाराकडे तोंड करून उभे राहा. दिशा आतून बाहेर बघताना मोजतात. बाहेर उभं राहून घराकडे बघत मोजली तर बरोबर उलटी येते.

३. हेच माप हॉलच्या मध्यावर आणि बाल्कनीजवळ, त्याच दिशेला तोंड करून, पुन्हा घ्या.

४. फ्रिज, लोखंडी कपाट, सेफ्टी डोअर आणि लिफ्ट यांच्यापासून लांब राहा. कॉलममधल्या सळयाही सुई हलवतात.

लिफ्टशेजारच्या दारात एक आकडा आणि हॉलमध्ये भलताच दुसरा, असं अगदी सर्रास होतं. चिनी पद्धतीचं होकायंत्र वर्तुळाचे २४ भाग करतं, म्हणजे एक भाग १५ अंशांचा. तुमच्या तीन मापांत १५ अंशांहून जास्त फरक असेल तर एकही माप खरं धरू नका.

तपासा : मोबाइलवर नकाशाचं उपग्रहचित्र उघडा, उत्तर वर ठेवा, आपली बिल्डिंग शोधा आणि तिच्या भिंतीची रेघ पाहा. होकायंत्र आणि उपग्रहचित्र जुळलं तरच पुढे जा. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य नेमका पूर्वेला उगवतो. तेव्हाची सकाळ मिळाली तर त्याहून चांगली खात्री नाही.

टॉवरमधल्या फ्लॅटचं 'तोंड' कोणतं धरायचं, यावर फेंगशुईवाल्यांतच एकमत नाही. कोणी बिल्डिंगचं प्रवेशद्वार धरतं, कोणी फ्लॅटचं दार, कोणी जिकडून सर्वाधिक उजेड येतो ती बाल्कनी. मी फ्लॅटचं दार धरा म्हणेन, कारण तुमच्या ताब्यात तेवढंच आहे. जे धराल ते नकाशावर लिहून ठेवा आणि नंतर बदलू नका.

## टप्पा ३ : एकच पद्धत निवडा

फेंगशुईत घराचे तीन बाय तीन असे नऊ भाग पाडतात : आठ बाजूंचे आठ आणि मधला एक. त्याला बागुआ म्हणतात. तो घरावर बसवायच्या दोन रीती आहेत आणि त्या एकत्र करणं हीच मोठी गल्लत.

होकायंत्राच्या रीतीत भाग दिशेवर ठरतात : आग्नेय संपत्तीची, नैर्ऋत्य नात्यांची, उत्तर कामधंद्याची, दक्षिण नावलौकिकाची, पूर्व कुटुंबाची, पश्चिम मुलांची, ईशान्य विद्येची, वायव्य मदतीला येणाऱ्या माणसांची. दाराच्या रीतीत दिशा बघतच नाहीत. दारातून आत तोंड करून उभं राहिलं की घराचा सर्वात लांबचा डावा कोपरा संपत्तीचा आणि लांबचा उजवा नात्यांचा. ही दुसरी रीत फेंगशुई शिकवणारे गुरू लिन युन यांच्या परंपरेतून अमेरिकेमार्गे पसरली आणि इंटरनेटवरची बरीचशी चित्रं तिचीच असतात. मंडळी एका पानावरून संपत्तीचा कोपरा उचलतात आणि दुसऱ्या पानावरून नात्यांचा. मग दोन्ही एकाच ठिकाणी निघतात.

आठ-नऊशे फुटांच्या आतल्या फ्लॅटला दाराची रीत सोयीची पडते. तिथे कॉलम आणि लिफ्टमुळे होकायंत्राचा भरवसा कमी असतो.

दुसरी गल्लत वास्तुशास्त्र त्यात मिसळण्याची. वास्तूत आग्नेय अग्नीची म्हणून स्वयंपाकघर तिथे. फेंगशुईच्या पाच तत्त्वांत (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) आग्नेय लाकडाची आणि अग्नी दक्षिणेचा. वास्तूत ईशान्येला पाणी. फेंगशुईत ईशान्य मातीची. दक्षिणेच्या दाराला आपल्याकडे नाकं मुरडतात, चिनी पद्धतीत दक्षिणेकडे तोंड केलेलं घर उत्तम मानतात. दोन्हींचे नियम एकाच घरात लावायला गेलात तर एकही खोली 'बरोबर' उरत नाही आणि घरात नुसती धाकधूक वाढते. घर आधीच वास्तूप्रमाणे लावलेलं असेल आणि मन शांत असेल, तर फेंगशुईतून फक्त पाच ते सात हे टप्पे घ्या. त्यांचा वास्तूशी फारसा खटका उडत नाही.

## टप्पा ४ : अगरबत्तीने वारा पाहा

पंखे आणि एसी बंद करा. खिडक्या रोज असतात तशाच ठेवा. अगरबत्ती पेटवून दारात, हॉलच्या मध्ये, पॅसेजमध्ये, पलंगाच्या उशाशी आणि ओट्याजवळ एकेक मिनिट धरून धूर कुठे जातो ते पाहा आणि नकाशावर बाण काढा. (गॅस बंद आहे ना, ते आधी बघा.) सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री दहाला, असं तीनदा. दुपारी आपल्याकडे समुद्राचा वारा पश्चिमेकडून चढतो, त्यामुळे सकाळचे आणि दुपारचे बाण वेगळे निघतात.

तीन गोष्टी दिसतील. कुठे धूर सुसाट आडवा जातो, कुठे सरळ वर चढून तिथेच घोटाळतो, आणि कुठे चक्क उलटा, म्हणजे बाथरूमकडून हॉलकडे येतो. 'ची' म्हणजे घरात फिरणारी ऊर्जा. ती मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण हा नकाशा हातात आला की पुढचे निर्णय हवेत राहत नाहीत.

आता बाहेर बघा. पुस्तकात आदर्श घराच्या पाठीशी डोंगर आणि समोर पाणी असतं, आणि तोंड दक्षिणेला असतं. त्यामागे चीनचं हवामान आहे : हिवाळ्यातला बोचरा वारा तिथे उत्तरेकडून येतो, म्हणून उत्तरेला आडोसा हवा. आपल्याकडे मारा होतो जून ते सप्टेंबर, नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून, तोही पावसासकट. दक्षिण मोकळी सोडा हा सल्ला इथे जसाच्या तसा उचलला तर नैर्ऋत्येच्या खिडकीखालची भिंत ओल धरते आणि कपाटाच्या पाठीला बुरशी येते.

नवी मुंबईत पारसिकचे डोंगर पूर्वेला आणि खाडी पश्चिमेला. डोंगर पाठीशी, पाणी समोर असा 'आदर्श' फ्लॅट म्हणजे इथे पश्चिमेच्या तोंडाचा. खाडी दिसते खरी, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही त्याच बाजूने. तिथे खिडकीवर पुरेसा छज्जा, जाड पडदा आणि सरकत्या खिडकीच्या खाचेतली पाणी जाण्याची भोकं साफ असणं, हीच पहिली फेंगशुई. घोडबंदर रोडला उलट आहे : येऊरचा डोंगर एका बाजूला, खाडी ईशान्येच्या बाजूला. खाडीकडे तोंड असलेल्या घरात सकाळचा कोवळा उजेड मिळतो आणि मारा कमी. मात्र खिडकी थेट रस्त्याच्या किंवा उड्डाणपुलाच्या उंचीवर असेल तर डोंगर-पाणी बाजूला ठेवा; धूळ आणि आवाज हाच तिथला मुख्य दोष. झोपायची खोली मागच्या बाजूला घ्या, नाही जमलं तर खिडकीला दुहेरी काच आणि बाहेर झाडांच्या कुंड्या.

## टप्पा ५ : पसारा आणि गळती

तीन पिशव्या : फेकायचं, द्यायचं, दुरुस्त करायचं. एका वेळी एकच खण किंवा एकच कपाट घ्या. सगळं घर एकदम जमिनीवर काढलं की रात्री दहाला ते जसंच्या तसं परत कोंबलं जातं.

दुरुस्तीच्या पिशवीला मुदत द्या. पंधरा दिवसांत मिक्सरचं भांडं दुरुस्तीला गेलं नाही तर ते भंगारवाल्याकडे. बंद घड्याळं, तडा गेलेले आरसे, टवके उडालेले कप, दसऱ्याचं वाळून कोळ झालेलं झेंडूचं तोरण आधी काढा.

माळा सर्वात शेवटी, पण टाळू नका. पलंगावर येणारा माळा तर नक्की रिकामा करा किंवा त्यावर फक्त हलक्या वस्तू ठेवा.

मग गळती. ठिबकणारा नळ, फ्लशच्या टाकीतून सतत झिरपणारं पाणी, बेसिनखालचा ओला कोपरा. फेंगशुईत पाणी संपत्तीशी जोडलेलं असल्याने गळती वाईट मानतात. बिलाच्या आणि बुरशीच्या हिशेबानेही ती वाईटच. वरच्या मजल्यावरून गळत असेल तर सोसायटीला लेखी कळवा. ओल्या भिंतीवर रंग लावून किंवा तसबीर टांगून झाकू नका.

थांबा : या टप्प्याच्या पुढे जाण्याआधी एक आठवडा जाऊ द्या. पसारा परत जिथे साचतो तिथे जागेचीच अडचण असते. तिथे कपाट, खुंटी किंवा टोपली हवी.

## टप्पा ६ : मुख्य दार

१. दार पूर्ण उघडलंच पाहिजे, भिंतीला टेकेपर्यंत. मागच्या खुंट्या काढा. छत्र्या, पिशव्या आणि हेल्मेटला दुसरी जागा द्या.

२. बिजागऱ्यांना तेल, सेफ्टी डोअरचा खडखडाट बंद, बेल चालू, नावाची पाटी पुसलेली, बाहेरचा दिवा लागणारा.

३. चपलांचं कपाट झाकणाचं असू द्या आणि दाराच्या अगदी समोर नको. ते पॅसेजमध्ये बाहेर ठेवू नका. तो रस्ता सगळ्यांचा आहे आणि आग लागली तर धुरातून बाहेर पडायची वाटही तीच.

४. दारासमोर आत आरसा असेल तर हलवा. येणारी ऊर्जा तो परत पाठवतो असं मानतात; शिवाय दार उघडताच स्वतःचं थकलेलं तोंड बघायची हौस कोणाला?

५. उंबरठा आणि त्यापुढची रांगोळीची जागा रोज पुसलेली राहू द्या. आपली ही सवय फेंगशुईच्या दारविषयक नियमांत अगदी चपखल बसते, वेगळं काही करावं लागत नाही.

आता नेहमीची अडचण : दार उघडलं की समोर थेट बाल्कनी. अगरबत्तीचा धूर इथेच सुसाट गेला असेल. पुस्तकं सांगतात, ही वाट अडवा. माझं मत वेगळं आहे. आपल्या दमट हवेत ज्या हॉलमधून वारा आरपार जातो तो हॉल भाग्याचा. तिथे फळी ठोकून वारा मारू नका. वाट अडवण्याऐवजी वळवा. दार आणि बाल्कनीच्या मध्ये एक सतरंजी आडवी टाका, बाल्कनीच्या एका बाजूला मोठी कुंडी ठेवा, किंवा सोफा थोडा आत घेऊन चालायची वाट किंचित वाकडी करा. मग पुन्हा अगरबत्ती लावा. धूर थोडा घुटमळून पुढे गेला की झालं.

चुकूनही नको : आठ कोनांचा बागुआ आरसा घरात लावणं. तो परंपरेनेच घराबाहेर लावायचा असतो. आणि आपल्या सोसायट्यांत समोरासमोर दारं असतात. हा आरसा शेजाऱ्यांच्या दारावर रोखला की त्यांनाही त्याचा अर्थ ठाऊक असतो. दिवाळीचा फराळ यायचा बंद होतो. त्यापेक्षा आपल्या दारासमोरचं पायपुसणं बदला, दिवा लावा, बास.

## टप्पा ७ : पलंग

पूर्ण घरात एकच गोष्ट हलवायची ताकद असेल तर पलंग हलवा. आयुष्याचे रोजचे सात-आठ तास तिथे जातात.

क्रम असा :

१. भक्कम भिंत. उशाला भिंत हवी, खिडकी नको. त्या भिंतीपलीकडे संडासाचा पाइप असेल तर दुसरी भिंत बघा. रात्री वरच्यांनी फ्लश केला की कानाशी आवाज येतो.

२. दार दिसणं. पडल्या पडल्या दार दिसलं पाहिजे, पण पलंग दाराच्या थेट रेषेत नको. दारापासून तिरका कोपरा उत्तम. पाय सरळ दाराकडे असणं फेंगशुईत अशुभ, आणि आपल्याकडेही ते कोणाला रुचत नाही.

३. बीम. नकाशावर दाखवलेला बीम अंगावरून किंवा डोक्यावरून जात असेल तर पलंग सरकवा. जागाच नसेल तर पीओपीने छत सपाट करून घ्या. लाल फितीत बांधलेल्या दोन बासऱ्या तिरप्या लावायचा पारंपरिक उपाय आहे. लावायच्या तर पक्क्या खिळ्याला लावा, उशाशी पडल्या तर उपायापेक्षा इलाज महाग.

४. दोन्ही बाजूंना वाट. किमान दीड फूट. नवरा-बायकोपैकी एकाला दुसऱ्याला ओलांडून उठावं लागत असेल तर खोलीतली दुसरी एखादी वस्तू बाहेर काढा. बहुधा ते वापरात नसलेलं ड्रेसिंग टेबल असतं.

५. आरसा. सरकत्या दारांच्या कपाटावर पूर्ण उंचीचा आरसा आणि समोर पलंग, ही नव्या फ्लॅटमधली ठरलेली जोडी. कपाट बदलू नका. आरशावर दुधी फिल्म चिकटवा किंवा रात्री ओढायला हलका पडदा लावा.

बॉक्सच्या पलंगात सामान ठेवू नये म्हणतात. वन बीएचकेत हा नियम पाळायचा तर सामान ठेवायचं कुठे? तिथे गोधड्या, चादरी, उशा एवढंच ठेवा. जुनी कागदपत्रं, चपला, अवजारं, मोडकी खेळणी नकोत.

उत्तरेकडे डोकं करू नये असं घरात सांगितलं जातंच. फेंगशुईत अशी सरसकट बंदी नाही, पण वरचे पाच नियम पाळून दोन भिंती शिल्लक राहत असतील तर उशी दक्षिणेला किंवा पूर्वेला घ्या. आईचंही मन राहतं.

काही जण 'कुआ अंक' काढून दिशा ठरवतात. हिशेब सोपा आहे. जन्मवर्षाचे अंक एकच अंक उरेपर्यंत मिळवा. पुरुषाने ती बेरीज ११ मधून वजा करायची, स्त्रीने तीत ४ मिळवायचे, आणि उत्तर दोन अंकी आलं तर पुन्हा एक अंक करायचा. १९८४ साठी बेरीज २२, म्हणजे ४. पुरुषाचा कुआ ७, स्त्रीचा ८. उत्तर ५ आलं तर पुरुषाने २ आणि स्त्रीने ८ धरायचा. १, ३, ४, ९ हा पूर्वगट. २, ६, ७, ८ पश्चिमगट. पूर्वगटाला उत्तर, दक्षिण, पूर्व, आग्नेय चांगल्या. पश्चिमगटाला उरलेल्या चार. चूक होते ती वर्षात : हे वर्ष १ जानेवारीला नाही, ४ फेब्रुवारीच्या सुमारास बदलतं, म्हणून जानेवारीत जन्मलेल्याने मागचं वर्ष धरायचं. नवरा एका गटातला आणि बायको दुसऱ्या, असं झालं तर अंक बाजूला ठेवा. भक्कम भिंत आणि दिसणारं दार हे नियम कुआपेक्षा वरचे.

तपासा : नव्या जागी झोपून आठवडा झाला की पुन्हा उशाशी अगरबत्ती धरा. एसीचा झोत थेट डोक्यावर येतो का, तेही बघा. पलंग हलवला की एसीची पाती वळवायची राहून जातात.

## टप्पा ८ : ओटा आणि बाथरूम

शेगडी अग्नी, सिंक पाणी. दोन्ही चिकटून नकोत. सरळ ओट्यावर दोन-अडीच फूट अंतर असेल तर पुरे. त्याहून कमी असेल तर मधल्या जागेत लाकडाचा पोळपाट किंवा लाकडी पाट उभा ठेवा. पाच तत्त्वांच्या हिशेबात पाणी आणि अग्नी यांच्यामधला दुवा लाकडाचा. पोळपाट ज्योतीपासून लांब, सिंकच्या बाजूला ठेवा.

स्वयंपाक करणाऱ्याची पाठ दाराकडे येत असेल तर शेगडीमागे चकचकीत स्टीलचा पत्रा लावा. मागे कोणी आलं की दिसतं आणि फोडणीचे डागही एका हाताने पुसले जातात. शेगडीची जागा बदलायची असेल तर पाइप गॅसची जोडणी स्वतः हलवू नका, कंपनीच्या माणसालाच बोलवा. सगळे बर्नर आळीपाळीने वापरा आणि भोकं साफ ठेवा.

संडास संपत्तीच्या कोपऱ्यात किंवा घराच्या मध्यावर निघाला म्हणून तो तोडायला निघालेली माणसं असतात. तसं करू नका. संडास-बाथरूम हलवलं की उतार, वॉटरप्रूफिंग आणि खालच्या घराची गळती, सगळं अंगावर येतं. सोसायटीची आणि पालिकेची परवानगी लागते ती वेगळीच. एक्झॉस्ट फॅन चालू, फरशी कोरडी, कमोडचं झाकण बंद, दार बंद. धूर बाथरूमकडून हॉलकडे येत होता ना? फॅन लावून पुन्हा बघा, बाण उलटा फिरला पाहिजे. तांब्याचे पिरॅमिड विकायला येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. पिरॅमिडचा मूळ चिनी पद्धतीशी संबंध नाही.

## टप्पा ९ : रंग आणि उजेड

इथे फार वेळ घालवू नका. उत्तर पाण्याची : निळा, काळा. पूर्व आणि आग्नेय लाकडाच्या : हिरवा. दक्षिण अग्नीची : लाल, केशरी. ईशान्य, नैर्ऋत्य आणि मध्य मातीचे : पिवळा, मातकट. पश्चिम आणि वायव्य धातूच्या : पांढरा, राखाडी. पूर्ण भिंत रंगवायची गरज नाही, उशीचा अभ्रा किंवा सतरंजी पुरते. दाराची रीत निवडली असेल तर दिशा न बघता संपत्तीच्या कोपऱ्यात हिरवा-जांभळा आणि नात्यांच्या कोपऱ्यात गुलाबी वापरतात.

२०२४ ते २०४३ हे अग्नीचं नववं पर्व (फेंगशुईत एक पर्व वीस वर्षांचं) आहे, असं सांगून सध्या लाल वस्तूंचा खप चाललाय. पर्वाचा हिशेब परंपरेतला आहे, पण त्यापायी पश्चिमेचं ऊन सोसणारी बेडरूम लाल करू नका.

बेडरूमला पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचे दिवे लावा. ओट्यावर ४००० च्या आसपासचे. हॉलमध्ये एकच डोळे दिपवणारी ट्यूब असेल तर कोपऱ्यात एक छोटा दिवा वाढवा.

## टप्पा १० : आता वस्तू

एका वेळी एकच. दुसरी आणायची तर मध्ये महिना जाऊ द्या, नाहीतर कशाने बरं वाटतंय ते कळणार नाही.

हसरा बुद्ध गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई नावाचा चिनी भिक्षू. तो जमिनीवर, संडासाच्या भिंतीला किंवा देव्हाऱ्यात ठेवू नका. दाराकडे तोंड करून टेबलाच्या उंचीवर ठेवा. तीन पायांचा बेडूक किचन-बाथरूममध्ये नको आणि त्याचं तोंड घराच्या आत हवं.

लकी बांबू खरं तर बांबू नाहीच, ड्रेसीना जातीचं झाड आहे. त्याला थेट ऊन नको. पाणी दर आठवड्याला बदला आणि भांडं आतून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास उडतात. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरोघर हीच भांडी तपासत फिरतात.

माशांची टाकी बेडरूम आणि किचनमध्ये नको. आठ सोनेरी आणि एक काळा अशी नऊ माशांची प्रथा आहे, पण सोनेरी मासे झपाट्याने वाढतात. नऊ मासे काचेच्या वाडग्यात मरतात. मोठ्या टाकीच्या स्वच्छतेला वेळ नसेल तर पाण्याचं तत्त्व निळ्या अभ्र्यावर भागवा.

विंडचाइम धातूची असेल तर पश्चिमेला किंवा वायव्येला लावतात, म्हणजे आपल्याकडे नेमकी मारा होणाऱ्या बाजूला. जूनपासून रात्रभर तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. पावसाळा सुरू होण्याआधी ती काढून कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि दसऱ्याला परत लावा. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंडी कड्या गंजतात, म्हणून कडी आणि दोरा तेव्हाच बदलून घ्या.